व्हायरल न्यूमोनियाचा पेशंट भरती आहे? बेडजवळ बसणाऱ्याने काय बघायचं, कोणाला सांगायचं

नागपुरातल्या वॉर्डात फक्त नागपूरचे पेशंट नसतात. मेडिकल असो, मेयो असो, मिहानमधलं एम्स असो की धंतोली-रामदासपेठेतलं एखादं खासगी हॉस्पिटल, गडचिरोली, भंडारा, यवतमाळपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची माणसं तिथे पथारी पसरून बसलेली दिसतात. त्यातल्या बऱ्याच जणांची वॉर्डातली ती पहिलीच रात्र असते. हा लेख त्यांच्यासाठी लिहिला आहे. मी वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी करते, त्यामुळे लिहिणं थोडं राउंडवर बोलल्यासारखं होईल.

एक गोष्ट आधीच सांगते. फ्लू, स्वाइन फ्लू, कोविड, लहान मुलांचा आरएसव्ही, विषाणू कोणताही असो. भरती झालेल्या पेशंटची तब्येत बऱ्याचदा विषाणूच्या मागोमाग येणाऱ्या गुंतागुंतीने बिघडते. फुप्फुसात दुसरे जंतू शिरतात, हृदयावर ताण येतो, किडनी मंदावते, रक्ताची गुठळी होते, साखर चढते, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. यातल्या बहुतेक गोष्टी अचानक होत नाहीत, आधी काही तास तरी खुणा दिसत असतात. आणि त्या खुणा सगळ्यात आधी दिसतात त्या जवळ बसलेल्या माणसाला. सिस्टर एका वेळी कितीतरी बेड बघते, तुम्ही एकच बघता.

पायरी पहिली: भरती करतानाच सांगायचं

कॅज्युअल्टीत डॉक्टर घाईत असतात. त्यांनी विचारायची वाट बघू नका. ताप नेमका कोणत्या तारखेला आला, हे आधी सांगा. "चार-पाच दिवस झाले" असं मोघम नको. पुढचं सगळं गणित त्या तारखेवर चालतं. इन्फ्लुएन्झावरचं, म्हणजे फ्लूवरचं, ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सर्वात चांगलं काम करतं. तरीही भरती होण्याइतक्या आजारी पेशंटला ते उशिरानेही देतात, म्हणून "आता वेळ गेली" असं समजून गप्प बसू नका.

मग जुने आजार: शुगर, बीपी, दमा, हार्ट, किडनी, पूर्वी झालेला टीबी. बाई गरोदर असेल तर ते पहिल्याच वाक्यात, कारण गरोदरपणात फ्लू जास्त अंगावर येतो. घरी चालू असलेल्या गोळ्यांची नावं पाठ नसतील तर रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती वेगळी दाखवा.

विदर्भातल्या माणसाने आणखी एक गोष्ट विसरायची नाही: सिकलसेल. आपल्याकडे, विशेषतः पूर्व विदर्भात, आईबापाकडून येणारा हा रक्ताचा आजार बराच आहे. सिकलसेलच्या पेशंटला छातीचा संसर्ग झाला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ताप, छातीत दुखणं आणि धाप हे तिन्ही एकत्र आले तर ती आणीबाणी असते, आणि तिचा उपचार साध्या न्यूमोनियापेक्षा वेगळा असतो. कधी रक्त द्यावं लागतं, कधी बदलावंही लागतं. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते आधार कार्डाच्या आधी काढा. काही घरांत मुलीच्या लग्नाच्या काळजीने हे लपवतात. निदान डॉक्टरपासून तरी लपवू नका.

आता थोडं विषय सोडून. पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप-खोकला-धाप घेऊन आलेला प्रत्येक जण व्हायरलचाच असतो असं नाही. 2018 मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाची, साथ आली होती. तोही फुप्फुसापर्यंत जातो. पेशंट शेतात, गवतात वावरणारा असेल तर तसं सांगा, आणि काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग आहे का ते बघा. तो डाग वेळेत दिसला तर साध्या, स्वस्त औषधाने माणूस बरा होतो.

पैशांचं एका वाक्यात: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जिथे लागू आहे तिथे आरोग्यमित्राचा काउंटर असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

पायरी दुसरी: एक वही करा

शंभर पानी वही आणि पेन. दर चार तासांनी एक ओळ लिहायची: वेळ, श्वास किती, ऑक्सिजन किती, कशावर आहे, लघवी किती, बोलणं कसं आहे.

श्वास मोजणं कोणालाही जमतं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही. पेशंटला न सांगता करायचं. सांगितलं की तो श्वास सांभाळून घ्यायला लागतो. हात हातात घेऊन नाडी बघत असल्यासारखं बसा, नजर पोटावर ठेवा, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा. पोट वर गेलं की एक. मोठ्या माणसाचा शांत असताना 12 ते 20 ठीक. 24 च्या वर गेला तर सिस्टरला सांगा. 30 झाला तर सांगायला चालत जाऊ नका, हाक मारा. श्वासाची गती बऱ्याचदा ऑक्सिजनचा आकडा घसरायच्या आधी वाढते, कारण शरीर धावपळ करून तो आकडा टिकवून धरत असतं. म्हणून "ऑक्सिजन तर 95 आहे" या समाधानात राहू नका.

ऑक्सिमीटरच्याही खोड्या आहेत. बोट थंड असेल, नेलपॉलिश किंवा नखावर गडद मेंदी असेल, हात हलत असेल तर आकडा खोटा येतो. सावळ्या-काळ्या कातडीवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो, हेही आता माहीत झालं आहे. बोट चोळून गरम करा, यंत्र अर्धा-एक मिनिट ठेवा, आकडा स्थिर झाल्यावर लिहा. सगळ्यांना 98 हवा असंही नाही. जुन्या सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट धापेच्या आजाराच्या, पेशंटला डॉक्टर मुद्दाम 88 ते 92 मध्ये ठेवतात, जास्त ऑक्सिजन त्याला बाधतो. आपल्या पेशंटचं टार्गेट किती, हे राउंडला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि ऑक्सिजनचा खटका स्वतः कधीच फिरवू नका.

"कशावर आहे" हा रकाना म्हणजे शिडी आहे. नाकातली नळी, मग साधा मास्क, मग पिशवीवाला मास्क ज्याला वॉर्डात एनआरबीएम म्हणतात, मग जोराने ऑक्सिजन देणारं हाय फ्लो किंवा घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं बायपॅप, आणि शेवटी व्हेंटिलेटर. काल नळीवर 2 लिटरला 95 होता आणि आज पिशवीवाल्या मास्कवर 12 लिटरला 95 आहे, तर आकडा तोच असला तरी पेशंट खाली घसरला आहे. नातेवाईक फोनवर गावाकडे सांगतात, "ऑक्सिजन पंच्याण्णवच आहे, काळजी नाही." अर्धी गोष्ट सांगितलेली असते.

पायरी तिसरी: कोणत्या दिवशी काय होऊ शकतं

सगळ्या पेशंटना हे होतं असं नाही. पण कशावर नजर ठेवायची ते कळतं.

पहिले काही दिवस विषाणूच फुप्फुसाला सुजवतो. फ्लूमध्ये बिघडायचं तर बऱ्याचदा ताप आल्यापासून दोन ते पाच दिवसांत बिघडतं. कोविडमध्ये घसरण साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास दिसायची, म्हणूनच "सहा दिवस काही नव्हतं आणि अचानक" असं लोक सांगायचे. सूज दोन्ही फुप्फुसांत पसरून ऑक्सिजन रक्तात उतरेनासा झाला की त्याला एआरडीएस म्हणतात. अशा वेळी डॉक्टर पेशंटला पोटावर झोपवायला सांगतील. पेशंट कुरकुर करेल, "पाठ दुखते" म्हणेल. छातीखाली, कमरेखाली उशा घालून द्या आणि जितका वेळ सांगितलाय तितका वेळ टिकवायला मदत करा. पोटावर झोपलं की फुप्फुसाचा पाठीकडचा दबलेला भाग उघडतो.

मग येतो फसवा टप्पा. ताप उतरतो, पेशंट उठून बसतो, चहा मागतो, घरचे डबा आणायला जातात. आणि आठवड्याच्या आसपास ताप पुन्हा चढतो, थंडी वाजते, कफ पिवळा-हिरवा किंवा तांबूस होतो, एका बाजूला श्वास घेताना टोचतं. विषाणूने सोलून ठेवलेल्या श्वासनलिकेत न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस यांसारखे जिवाणू घुसल्याची ही खूण. उतरलेला ताप परत आला, हे वाक्य सिस्टरला याच शब्दांत सांगा. अँटिबायोटिक इथे कामाला येतं. नुसत्या व्हायरलवर त्याचा उपयोग नसतो, म्हणून पहिल्या दिवशी "भारी अँटिबायोटिक लावा" असा आग्रह धरू नका, आणि नंतर लावलं तर "व्हायरल आहे म्हणाले होते, मग हे कशाला" म्हणून भांडूही नका.

हृदयाकडे लोकांचं लक्षच नसतं. इन्फ्लुएन्झा झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकची शक्यता सुमारे सहापट वाढते, असं कॅनडातल्या 2018 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं. शुगरच्या पेशंटला छातीत दुखतच नाही कधीकधी. नुसता दरदरून घाम, मळमळ, अस्वस्थपणा, एकाएकी वाढलेली धाप. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा किंवा इनो देऊन बघायची ही वेळ नाही. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात, मागा.

गुठळीचा धोका पडून राहण्यामुळे आणि आजारात रक्त घट्ट होण्यामुळे असतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर दाखवा. चोळून मात्र देऊ नका. गुठळी पायातून सुटून फुप्फुसात गेली तर धाप एकदम लागते. यासाठीच पोटाच्या कातडीत रोज रक्त पातळ करायची बारीक सुई देतात. पोटातलं इंजेक्शन म्हटलं की जुन्या माणसांना कुत्रा चावल्यावरची चौदा इंजेक्शनं आठवतात आणि ते नको म्हणतात. समजावून सांगा. तिथे निळसर डाग पडतो, तो चालतो. हिरड्यांतून, लघवीतून रक्त आलं तर लगेच सांगायचं.

किडनीचं माप लघवीत कळतं. 60 किलोच्या माणसाला तासाला साधारण 30 मिली तरी लघवी व्हायला हवी, म्हणजे सहा तासांत 180. पिशवी असेल तर तिच्यावरच खुणा असतात. नसेल तर जुन्या बिसलरीच्या बाटलीवर माप आखून घ्या. आपल्या उन्हाळ्यात, 45 अंशांत, तापाचा पेशंट नुसता पडून सुद्धा सुकतो. मात्र स्वतःच्या मनाने तांब्याभर पाणी पाजू नका, काही पेशंटना पाणी मोजून द्यायचं असतं. विचारा. आणि अंगदुखीसाठी बाहेरून आणलेली पेनकिलर गुपचूप देऊ नका, ती अशा वेळी किडनीला भोवते.

पायरी चौथी: रात्र

म्हाताऱ्या पेशंटची एक गुंतागुंत अशी आहे की घरचे ती सांगायलाच लाजतात. रात्री दोनच्या सुमारास सत्तरीची आजी उठून बसते, नाकातली नळी ओढून काढते, समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून "त्या बाईला पाणी दे" म्हणते. मुलगी घाबरून धावत येते: "सिस्टर, आई असं काहून करून राहिली? बाहेरचं तर काही नसंल ना?" बाहेरचं काही नसतं. याला डिलिरियम म्हणतात. ऑक्सिजन कमी पडला, ताप चढला, सोडियम बिघडलं, लघवी तुंबली, झोपेची गोळी लागली, यांपैकी काहीतरी मेंदूपर्यंत पोचलेलं असतं. काही पेशंट उलट करतात, गुमसुम होतात, दिवसभर पेंगतात, हाक मारली तर उशिरा बघतात. "आज छान शांत झोपलाय" म्हणून आपण खूश होतो. बडबडणाऱ्यापेक्षा हा पेशंट नजरेतून निसटायची भीती जास्त.

तेव्हा रोज सकाळी आणि रात्री तेच तीन प्रश्न विचारा: आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हा कोण. कालपर्यंत बरोबर सांगणारा आज चुकला तर ते वहीत आणि सिस्टरच्या कानावर. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरी ठेवून येऊ नका, लावून द्या. दिवसा खिडकीचा उजेड येऊ द्या, रात्री मोबाईलवर रील्स बंद. हात बांधायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका; ओळखीचा हात हातात असला तर बरेच पेशंट निवतात.

पायरी पाचवी: हाताने करायची कामं

भरवताना पाठ वर हवी. बेडची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचला, भरवल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा. धाप लागलेल्या माणसाला आडवं ठेवून पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं, आणि एका न्यूमोनियावर दुसरा चढतो. घोट लहान. गिळताना ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज घोगरा-ओला येत असेल तर भरवणं थांबवून सांगा. सावजीचा रस्सा घरी गेल्यावर.

तोंड दिवसातून दोनदा स्वच्छ करा. क्षुल्लक वाटतं, पण तोंडातलेच जंतू खाली उतरतात.

कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, टाचा, खांदे, डोक्याची मागची बाजू रोज उघडून बघा. दाबल्यावरही न जाणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात. तिथे मालिश करायची नाही, भार काढायचा. बायपॅपचा मास्क असेल तर नाकाच्या दांड्यावरही बघा.

सलाईनची जागा लाल, कडक, दुखरी झाली तर सुई बदलायला सांगा. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच लटकू द्या. स्ट्रेचरवर नेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवायची सवय सगळ्यांनाच आहे आणि ती वाईट आहे. लघवीची नळी आता हवीच आहे का, हेही राउंडला विचारायला हरकत नाही.

पायरी सहावी: साखर आणि काळी बुरशी

कोविडमध्ये ऑक्सिजन लागलेल्या पेशंटचे जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचतात, हे 2020 मध्ये सिद्ध झालं. इन्फ्लुएन्झात मात्र स्टेरॉइड सरसकट देत नाहीत. कारण असेल तर डॉक्टर देतील, तुम्ही मागू नका. स्टेरॉइड चालू असेल तर शुगर चढणारच, आधी कधी नसली तरी. त्यामुळे दिवसातून अनेकदा बोटाला टोचतात. 2021 च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, नागपुरात किती घरांचं काय केलं ते अजून लोक विसरलेले नाहीत. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड, ही त्या बुरशीला मिळालेली जोडी होती. एका बाजूचा गाल किंवा डोळा दुखणं-सुजणं, नाकातून काळपट स्राव, टाळूवर काळा चट्टा, दात हलणं, एकाचे दोन दिसणं: यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी दिसलं तरीसुद्धा.

पायरी सातवी: पेशंट लहान मूल असेल तर

त्याचे श्वास वेगळे मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे जलद श्वास. बरगड्यांखाली खळगा पडतो का ते कपडे काढून बघा. अगदी लहान बाळ आरएसव्हीत मध्येच श्वास घ्यायचं थांबू शकतं. दूध सोडलं, लंगोट कोरडी राहिली, बाळ मलूल झालं, तर थांबू नका. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन नाही. फ्लूमध्ये ते दिल्यास क्वचित रेय सिंड्रोम होतो, त्यात मेंदू आणि यकृत दोन्ही बिघडतात.

पायरी आठवी: राउंडला काय बोलायचं

राउंडला तुमच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. "साहेब, काही खरं नाही दिसत" म्हटलं तर उत्तर "बघतो" असंच येणार. "काल रात्री अकरापासून श्वास 22 वरून 28 झाला, लघवी सकाळपासून 80 मिली, आणि आज वार सांगता आला नाही" म्हटलं की डॉक्टर थांबतात. घरातल्या एकानेच बोलायचं. मामा, काका, जावई प्रत्येकाने वेगळं विचारलं की प्रत्येकाला वेगळं ऐकू येतं, आणि मग कॉरिडॉरमध्ये भांडण.

आयसीयूत हलवतो म्हणाले तर "म्हणजे संपलं का" असं नाही. पुष्कळ पेशंट वेळेत हलवले म्हणून परत वॉर्डात येतात. तेव्हा तीन गोष्टी विचारा: नेमकं काय बिघडलं, पुढच्या 24 तासांत कशाची वाट बघताय, आणि आम्हाला कधी, कोण सांगणार.

पायरी नववी: सुट्टी होताना

घरी न्यायच्या आधी पेशंटला ऑक्सिजनशिवाय वॉर्डातच सहा मिनिटं चालवून बघायला सांगा, आधी आणि नंतर ऑक्सिमीटर लावून. चालल्यावर आकडा तीन-चारने उतरला तर सुट्टीबद्दल पुन्हा बोलावं लागेल. थकवा आणि थोडी धाप काही आठवडे राहते, एक्स-रेवरचे डाग जायला महिना-दीड महिना लागू शकतो, त्याने घाबरू नका. मात्र दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर थुंकीची टीबीची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

स्टेरॉइड, रक्त पातळ करायची गोळी आणि इन्सुलिन यांचं वेळापत्रक कार्डावर स्पष्ट लिहून घ्या: किती दिवस, कशी कमी करायची, कधी बंद. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस, आणि वय किंवा आजार बघून न्यूमोकोकलची लस, याचं फॉलोअपला विचारा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. गावी पुन्हा धाप लागली, ओठ निळे पडले, पेशंट बरळायला लागला तर 108 ला फोन करा आणि गाडी आल्यावर तोच फोटो डॉक्टरला दाखवा.